जर्मनीत शिकताना शनिवार-रविवारची भटकंती: हिशेब सोमवारपासून मागे मोजावा

ऐरोलीहून एका बाबांनी विचारलंय. त्यांची लेक, वय 23, ऑक्टोबरमध्ये जर्मनीतल्या आखेनला एमएससाठी निघते आहे. बरोबर जाणाऱ्या मुलामुलींनी आत्ताच व्हॉट्सअ‍ॅपवर बेत आखून टाकलाय: पहिल्या शनिवारी अ‍ॅमस्टरडॅम, दुसऱ्याला पॅरिस, मग ब्रसेल्स, प्राग, दिवाळीत स्वित्झर्लंड आणि नाताळात लंडन. बाबांचे प्रश्न असे: हे व्हिसात बसतं का, यासाठी दर महिन्याला वरचे किती पैसे पाठवावे लागतील, आणि अशी पायाला भिंगरी लावून फिरली तर अभ्यासाचं काय?

थोडक्यात उत्तर देते. फिरू द्या, फिरायलाच हवं. पण पहिलं सेमेस्टर जर्मनीतच फिरावं. सीमा ओलांडायची ती निवास परवान्याचं कार्ड हातात आल्यावर. आणि प्रत्येक सहलीचा बेत शुक्रवार संध्याकाळपासून पुढे आखायचा नाही, सोमवार सकाळपासून मागे मोजत यायचा. ही एक सवय लागली की बाकीचे बरेच प्रश्न आपोआप सुटतात.

मी ठाण्यात जर्मन शिकवते आणि जर्मनीला निघालेल्या मुलांची जाण्याआधीची तयारी करून घेते. माझं स्वतःचं शिक्षणही आखेनलाच झालं. त्यामुळे खालचं सगळं त्या गावाच्या अंगाने लिहिते आहे. लेक म्युनिकला किंवा ड्रेस्डेनला जाणार असेल तर गावांची नावं बदलतील, रीत तीच राहील.

सोमवारपासून मागे मोजायचं म्हणजे काय ते आधी सांगते. सोमवारी साडेआठचं लेक्चर आहे. म्हणजे रविवारी रात्री आठपर्यंत खोलीवर पोचलं पाहिजे, कारण कपडे धुवायचेत, डबा करायचाय आणि झोप हवी. आठला पोचायचं तर शेवटची गाडी धरून चालत नाही, तिच्या आधीच्या दोन गाड्या हाताशी राहतील अशा वेळी निघावं लागतं. शिवाय जर्मनीत रुळांची कामं शनिवार-रविवारीच काढतात. गाडी मध्येच थांबते, पुढे बदली बस धरावी लागते आणि तासाचे दोन तास होतात. रविवारचा मेगाब्लॉक भोगलेल्या ठाणेकराला हे वेगळं समजवायला लागत नाही, फरक इतकाच की तिथे त्याची सूचना अ‍ॅपवर जर्मनमधून येते. हे सगळं धरलं तर चार तासांवरच्या गावाहून रविवारी दुपारी दोन-अडीचला निघावं लागतं. म्हणजे दोन दिवसांची वाटणारी सहल खरं तर दीड दिवसाची असते. त्या दीड दिवसात एकच गाव नीट बघून होतं. अ‍ॅमस्टरडॅम आणि ब्रसेल्स एकाच शनिवार-रविवारी करून आलेल्या मुलांना नंतर विचारा, त्यांना स्टेशनं आठवतात.

आता कागदपत्रं. इथे मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण हॉटेल चुकलं तर पैसे जातात, कागद चुकला तर वर्ष जाऊ शकतं.

लेक इथून निघेल तेव्हा तिच्या पासपोर्टवर जर्मनीचा राष्ट्रीय व्हिसा असेल, ज्याला डी व्हिसा म्हणतात. तो चालू असेपर्यंत, आणि पुढे निवास परवान्याच्या कार्डावर, शेंगेन गटातल्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातल्या, इतर देशांत कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवसांपर्यंत फिरता येतं. या गटात 29 देश आहेत. रुमानिया आणि बल्गेरिया जानेवारी 2025 पासून त्यात पूर्णपणे आले. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, पण शेंगेनमध्ये आहे, म्हणून तिथे जाता येतं. शनिवार-रविवार करत 90 दिवस संपण्याची भीती बाळगू नका.

अडचण येते ती मधल्या काळात. डी व्हिसा थोड्या महिन्यांचा असतो. तिथे गेल्यावर पत्त्याची नोंदणी करायची, परदेशी नागरिकांच्या कार्यालयात निवास परवान्यासाठी अर्ज करायचा आणि वेळ मिळायची वाट पाहायची. बऱ्याचदा व्हिसाची मुदत संपते आणि कार्ड आलेलं नसतं. अशा वेळी ते कार्यालय एक तात्पुरता कागद देतं, त्याला फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग म्हणतात. या कागदाचे प्रकार आहेत. एका प्रकारावर जर्मनीबाहेर जाऊन परत येता येतं, दुसऱ्यावर येता येत नाही. कुठल्या खुणेला काय अर्थ आहे हे बेल्जियमच्या किंवा झेकियाच्या पोलिसाला पाठ असेल असं धरून चालू नका. माझ्याकडे शिकून गेलेल्या कळव्याच्या एका मुलाला हा कागद हातात असताना रात्रीच्या बसमधून सीमेवर उतरवलं होतं. तासभर चौकशी झाली, बस निघून गेली आणि पहाटे चारला तो एका पेट्रोल पंपावर थंडीत उभा होता. त्याचा कागद बरोबर होता, त्याला सोडलंही. पण ती रात्र कुठल्याच मुलाच्या वाट्याला येऊ नये. म्हणून माझा नियम कडक आहे: तो तात्पुरता कागद हातात असेपर्यंत जर्मनीतच फिरायचं.

सीमेवर कोण बघतं, असं जुनी मुलं सांगतील. सप्टेंबर 2024 मध्ये जर्मनीने आपल्या सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर तपासणी सुरू केली. पोलीस गाडीत चढतात आणि पासपोर्ट मागतात. मूळ पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही लागतं, मोबाइलमधला फोटो चालत नाही. फोटो ठेवायचा तो वेगळ्या कारणासाठी: पासपोर्ट हरवलाच तर पोलिसांत तक्रार करून फ्रँकफर्टच्या भारतीय वाणिज्य दूतावासात जावं लागतं. आखेन ज्या राज्यात आहे ते त्यांच्या कार्यक्षेत्रात येतं आणि तिथे पासपोर्टची प्रत हातात असली की काम सोपं होतं.

लंडनचा बेत आत्ताच कागदावरून खोडून टाका. ब्रिटन शेंगेनमध्ये नाही. जर्मनीच्या विद्यार्थी परवान्यावर भारतीय पासपोर्टधारकाला तिथे पाऊल टाकता येत नाही, वेगळा व्हिसा काढावा लागतो. आयर्लंडचंही तसंच. उलट बाजूनेही हेच लागू आहे: तुमच्या नात्यातलं कोणी मँचेस्टरला शिकत असेल आणि 'मी पॅरिसला येतो, तिथे भेटू' म्हणत असेल, तर त्याला शेंगेन व्हिसा लागेल. डब्लिनला शिकणाऱ्यांसाठी तर एक फसवी जागा आहे. डब्लिनहून उत्तर आयर्लंडला दिवसाच्या सहलीच्या बस जातात. रस्त्यावर नेहमीची तपासणी चौकी दिसत नाही, म्हणून मुलं बिनधास्त चढतात. पण उत्तर आयर्लंड ब्रिटनचा भाग आहे आणि व्हिसाशिवाय तिथे जाणं बेकायदाच ठरतं. पकडलं गेलं तर त्याची नोंद पुढच्या प्रत्येक व्हिसा अर्जात पुढे येते.

विम्याचं एक कलम क्वचितच कोणी वाचतं. जर्मनीच्या सरकारी आरोग्य विम्याच्या कार्डाच्या मागच्या बाजूला युरोपीय आरोग्य विमा कार्ड छापलेलं असतं. फ्रान्स, बेल्जियम, नेदरलँड्समध्ये ते उपयोगी पडतं. पण युरोपीय संघाबाहेरच्या नागरिकांना, म्हणजे आपल्या मुलांना, ते स्वित्झर्लंड, डेन्मार्क, नॉर्वे आणि आइसलँडमध्ये लागू होत नाही. स्वित्झर्लंडच्या बर्फात पाय मुरगळला तर खर्च अंगावर. म्हणून परदेश प्रवासाचा वेगळा आरोग्य विमा जर्मनीतच काढून ठेवायचा, वर्षभराचा मिळतो. मोबाइलचंही स्वित्झर्लंडमध्ये लक्षात ठेवावं लागतं: युरोपीय संघात रोमिंगला वेगळे पैसे पडत नाहीत, तिथे पडू शकतात.

आता माझ्या आवडीच्या विषयाकडे येते, सेमेस्टर तिकिटाकडे.

लेक दर सेमेस्टरला विद्यापीठाला जे सेमेस्टर-शुल्क भरेल, आखेनला ते तीनशे युरोंच्या वर असतं, त्यातला मोठा वाटा प्रवासाच्या तिकिटाचा आहे. जर्मनीत मे 2023 मध्ये डॉइचलांड-टिकेट सुरू झालं, तेव्हा महिन्याला 49 युरो होतं. जानेवारी 2026 पासून ते 63 युरो झालंय. विद्यार्थ्यांना ते 60 टक्के दराने मिळतं, म्हणजे महिन्याला 37 युरो 80 सेंट, आणि ते सेमेस्टर-शुल्कातच धरलेलं असतं. या एका तिकिटावर देशभरातल्या सगळ्या सिटी बस, ट्राम, भुयारी रेल्वे आणि आरई, आरबी, एस-बान या प्रादेशिक गाड्या चालतात. आयसीई, आयसी, ईसी या लांब पल्ल्याच्या गाड्या चालत नाहीत. पैसे आधीच भरलेले आहेत. ती घरी बसली तरी गेलेत आणि दर शनिवारी बाहेर पडली तरी एक सेंट जास्त लागत नाही. म्हणून मी म्हणते, पहिलं सेमेस्टर या तिकिटाचं.

हे तिकीट मोबाइलवर असतं आणि नावावर असतं. टीसी आला की तिकीट आणि फोटोचं ओळखपत्र दोन्ही दाखवायचं. बॅटरी संपली, तिकीट उघडलं नाही, तर 60 युरोंची पावती हातात पडते. पॉवर बँक ही सहलीतली पहिली वस्तू, कॅमेरा नंतर.

निघण्याआधी मी मुलांकडून वर्गात एक सराव करून घेते. जर्मन रेल्वेचं अ‍ॅप उघडायचं, फक्त प्रादेशिक गाड्या दाखवणारा पर्याय चालू करायचा आणि आखेन ते ऱ्हाइन नदीकाठचं बाखराख गाव असा रस्ता काढायचा. हा पर्याय चालू केला नाही तर अ‍ॅप आयसीई दाखवतं, पोरं त्यात चढतात आणि गाडीत पूर्ण भाडं भरतात. मग मी विचारते, गाडी कुठे बदलायची आणि मध्ये किती मिनिटं आहेत? उत्तर येतं, कोलोनला, सहा मिनिटं. सहा मिनिटांत फलाट बदलणं आपल्या मुलांना सहज वाटतं. दादर ज्याने केलंय त्याला कोलोन काय! पण पहिली गाडी दहा मिनिटं उशिरा आली तर पळून काय उपयोग? मग मी पुढची गाडी शोधायला लावते, तीही चुकली तर त्याच्या पुढची. दोन्ही वेळा वहीत लिहून घेतल्या की सराव संपला. ज्या मुलांनी हे इथे, नौपाड्यातल्या खोलीत बसून केलेलं असतं, ती तिथे फलाटावर गोंधळत नाहीत.

बाखराख का, तेही सांगते. कोलोनहून आरबी 26 नावाची गाडी ऱ्हाइन नदीच्या डाव्या तीरावरून माइन्झकडे जाते. कोब्लेंझला मोझेल नदी ऱ्हाइनला मिळते, आणि तिथून पुढे बिंगेनपर्यंतचं खोरं 2002 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. कोब्लेंझ सुटलं की डाव्या हाताच्या खिडकीशी बसायचं. नदी त्या बाजूला आहे. दोन्ही काठांच्या चढावर द्राक्षमळे, प्रत्येक वळणावर एक किल्ला, लोरेलाइचा सरळ उभा कडा आणि काउब गावासमोर नदीच्या मधोमध बेटावर उभा असलेला पांढरा, टोकदार छपराचा छोटा किल्ला, जो पूर्वी जहाजांकडून जकात घ्यायला बांधला होता. लोक याच दृश्यासाठी बोटीचं महाग तिकीट काढतात. आखेनहून जायला साधारण साडेतीन तास लागतात, सकाळी सातला निघालं की साडेदहाला तिथे. बाखराखला उतरून वरच्या श्टाहलेक किल्ल्यापर्यंत चढून जायचं. तो आता युवकांचं वसतिगृह आहे, राहताही येतं. सह्याद्रीत किल्ले चढलेल्या मुलीला ती चढण म्हणजे काहीच नाही. साडेतीनच्या सुमाराला परत निघायचं.

त्याही आधी खुद्द आखेन. मुलं पॅरिसचं नोत्र दाम बघायला धावतात आणि खोलीपासून दहा मिनिटांवरच्या आखेनच्या कॅथेड्रलमध्ये पहिलं वर्षभर जात नाहीत. 1978 मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाची पहिली यादी केली, त्यात फक्त 12 ठिकाणं होती, आणि त्यातलं हे एक. सम्राट शार्लमेन 814 मध्ये वारला, त्याला इथेच पुरलं. पुढे 936 ते 1531 जर्मन राजांचे राज्याभिषेक इथे होत राहिले. दुपारी ऊन पडलं की आतल्या उंच काचांमधून निळा-जांभळा प्रकाश खाली उतरतो, तेव्हा जावं.

दुसरा शनिवार आयफेलच्या डोंगरातल्या मोनशाऊला, बसने. लाकडी चौकटींची जुनी घरं, मधून वाहणारी रूर नदी, आणि बाजूला 2004 साली झालेलं आयफेल राष्ट्रीय उद्यान. बॉनला बेटोव्हनचं जन्मघर आहे आणि दुसऱ्या महायुद्धानंतरचा जर्मनीचा इतिहास मांडणारं मोफत संग्रहालय आहे. ते संग्रहालय पाहिल्याशिवाय तिथल्या माणसांशी राजकारणावर बोलू नये असं मी मुलांना सांगते. कोलोनचं कॅथेड्रल स्टेशनच्या दारातच आहे, 1248 मध्ये सुरू होऊन 1880 मध्ये पूर्ण झालं. त्यासाठी वेगळा शनिवार काढायला नको, येता-जाता होतं.

पहिली मुक्कामी सहल करायची तर ट्रियर आणि लक्झेंबर्ग. ट्रियरला रोमन काळातला पोर्टा निग्रा नावाचा काळा दगडी दरवाजा आहे, सुमारे साडेअठराशे वर्षं जुना. कार्ल मार्क्सचा जन्म 1818 मध्ये याच गावात झाला. ट्रियरला रात्री हॉस्टेलवर राहायचं आणि रविवारी सकाळी तासाभराच्या आत लक्झेंबर्ग. सीमेपर्यंत सेमेस्टर तिकीट चालतं, आणि पुढे लक्झेंबर्ग देशात मार्च 2020 पासून बस, ट्राम आणि रेल्वेचा दुसरा वर्ग सगळ्यांनाच फुकट आहे. म्हणजे दुसऱ्या देशात जाऊन आली तरी प्रवासाचा खर्च शून्य. पण ही सीमा आहे, म्हणून कार्ड आल्यावर. आणि परत यायला साडेचार-पाच तास लागतात, म्हणून लक्झेंबर्ग दुपारी दोनला सोडायचं. सोमवारपासून मागे मोजलं की हे आपोआप कळतं.

प्रादेशिक गाड्यांचा आणखी एक फायदा मला जर्मनची शिक्षिका म्हणून फार महत्त्वाचा वाटतो. लॅबमध्ये सगळे इंग्रजी बोलतात, खोलीवर मराठी-हिंदी. जर्मन कानावर पडतं ते आरबीच्या डब्यात. गाडी कुठे अडकली हे शेजारच्या आजीला विचारावं लागतं, आणि त्या आजी मग अर्धा तास बोलतात. बी-वन, म्हणजे जर्मनची मधली पातळी, होऊन गेलेली मुलगी अशा दोन-चार शनिवारांत जितकी मोकळी बोलायला लागते, तितकी पुस्तकाने होत नाही. पुढे नोकरीच्या वेळी हीच भाषा कामाला येणार आहे.

पैशांचं. जर्मनी व्हिसासाठी वर्षाला 11,904 युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात, ठेवायला लावते, त्यातून महिन्याला 992 युरो हातात येतात. खोलीचं भाडं, दीडशेच्या आसपास आरोग्य विमा, जेवणखाण, मोबाइल हे त्यातून भागतं, पण दर आठवड्याला पॅरिस भागत नाही. मी सांगते ते असं: पहिल्या सेमेस्टरला सहलीसाठी घरून वेगळे पैसे पाठवू नका. सेमेस्टर तिकिटावर दिवसाची सहल पंधरा-वीस युरोंत होते, डबा बरोबर असेल तर त्याहून कमीत. मग मुलगी काम शोधते. विद्यार्थ्यांना वर्षाला 140 पूर्ण दिवस किंवा 280 अर्धे दिवस काम करायची परवानगी आहे. बऱ्याच मुलांना काम शनिवारीच मिळतं, त्यामुळे 'दर शनिवारी फिरू' हा बेत नोव्हेंबरपर्यंत आपोआप 'महिन्यातून दोनदा' वर येतो. ते योग्यच आहे. स्वतः कमावलेल्या पैशातून पॅरिसचं तिकीट काढण्यात जी मजा आहे ती तिला मिळू द्या. आणि प्रत्येक कॉफीला रुपयांत गुणाकार करू नकोस असंही सांगा. त्याने पैसे वाचत नाहीत, चव जाते.

जेवणाबाबत एकच गोष्ट विसरू नये: जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात, सुपरमार्केटसुद्धा. मोठ्या स्टेशनांवरची काही दुकानं तेवढी उघडी, आणि महाग. शनिवारीच सामान आणायचं. तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, धपाटे यांना पर्याय नाही, दोन दिवस टिकतात आणि आरबीच्या डब्यात खाल्लेले चालतात. नळाचं पाणी पिण्यासारखं असतं, बाटली भरून न्यायची. खिशात 50 सेंट आणि एक युरोची नाणी ठेवायची, स्टेशनवरच्या स्वच्छतागृहाला लागतात.

पॅरिस आणि अ‍ॅमस्टरडॅम कधी, हा प्रश्न उरतो. उन्हाळी सेमेस्टरमध्ये, जोडून सुट्टी येते तेव्हा. मे-जूनमध्ये येशूच्या स्वर्गारोहणाचा दिवस आणि फ्रोनलाइखनाम हे दोन सण नेहमी गुरुवारीच येतात. मधल्या शुक्रवारी लेक्चर नसेल तर सलग चार दिवस मिळतात. आखेनहून पॅरिसला युरोस्टारची थेट गाडी आहे, सुमारे पावणेतीन तासांची. तिकीट दोन-तीन महिने आधी काढलं तर परवडतं, आदल्या आठवड्यात नाही. तुमच्या लेकीचं वय 23 आहे हे इथे फार कामाचं आहे. युरोपीय संघात दीर्घकाळाच्या परवान्यावर राहणाऱ्या 26 वर्षांखालच्या मुलांना लूव्र, ओर्से, व्हर्सायसारख्या फ्रान्सच्या राष्ट्रीय संग्रहालयांत प्रवेश मोफत असतो, नागरिकत्व कोणतंही असो. दारात निवास परवान्याचं कार्ड दाखवायचं. पहिल्या महिन्यात घाईने गेलेल्या मुलांकडे कार्डच नसतं. लूव्रची वेळ मात्र ऑनलाइन आधी घ्यायची, आणि ते मंगळवारी बंद असतं. अ‍ॅमस्टरडॅमचं अ‍ॅन फ्रँकचं घर बघायचं तर त्याची तिकिटं दर मंगळवारी, सहा आठवडे पुढची, ऑनलाइनच सुटतात. नुसतं जाऊन उभं राहिलं तर बाहेरूनच परत यावं लागतं.

स्वस्त विमानांची रविवार रात्रीची तिकिटं बघून मुलं हुरळून जातात. विमानतळाचं नाव वाचायला शिकवा: 'पॅरिस बोव्हे' पॅरिसपासून साधारण 85 किलोमीटरवर आहे, 'फ्रँकफर्ट हान' फ्रँकफर्टपासून 120 किलोमीटरच्या आसपास. तिथून शहरात यायचा खर्च आणि वेळ धरला की स्वस्त तिकीट स्वस्त राहत नाही. रोम, बार्सिलोना हे मार्चमध्ये किंवा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, परीक्षा संपल्यावर, चार-पाच दिवस हातात घेऊन करायचं. त्या वेळी इंटररेल या युरोपभर रेल्वेने फिरायच्या पासचाही विचार करावा. भारतातून जाणाऱ्या पर्यटकाला युरेल नावाचा तसाच पास घ्यावा लागतो, पण तिथे राहणाऱ्या विद्यार्थ्याला राहत्या पत्त्यावरून इंटररेल मिळतो, आणि 28 च्या आत सवलतही आहे.

अभ्यासाचं. हिवाळी सेमेस्टरची लेक्चरं ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत, आणि मग परीक्षा. नाताळच्या सुट्टीनंतर परीक्षा होईपर्यंत मुक्कामी सहल नको, अर्ध्या दिवसाचं चालणं चालेल. बहुतेक विद्यापीठांत एका विषयाच्या परीक्षेला तीनच संधी मिळतात, तिसऱ्यांदा नापास झालं की अभ्यासक्रमातूनच बाहेर. आपल्याकडच्या केटीच्या सवयीने गेलेल्या मुलांना हे उशिरा कळतं.

पण 'अभ्यास कर, फिरू नकोस' असं मात्र तिला सांगू नका. डिसेंबरमध्ये आखेनला सकाळी साडेआठला उजाडतं आणि संध्याकाळी साडेचारला सूर्य मावळतो. खोली, लॅब, खोली. ऐरोलीत सतत माणसांत वाढलेली मुलगी त्या अंधारात एकटी पडते, आणि फोनवर सांगत नाही. हिवाळ्यात उजेडाचे आठ तास असतात, त्यातले शनिवारचे चार-पाच तास घराबाहेर गेलेच पाहिजेत, पाऊस असला तरी. मी हे औषधासारखं लिहून देते. दोन-तीन जणींनी मिळून जावं. आठ-दहा जणांचा घोळका नको, त्यात सगळा वेळ एकमेकांची वाट बघण्यात जातो आणि कोणी ना कोणी गाडी चुकवतंच.

तुमच्या बाजूने दोन गोष्टी. हिवाळ्यात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेतीन. सहलीला असताना दर तासाला फोन करू नका. निघताना गाडीची वेळ आणि मुक्कामाचा पत्ता, आणि रविवारी खोलीवर पोचल्यावर एक मेसेज, एवढं ठरवून घ्या. अडचणीला 112 हा क्रमांक युरोपीय संघात सगळीकडे चालतो, तो तिच्याकडून पाठ करून घ्या. दुसरं, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या त्या बेताला तिने सरळ नकार द्यायची गरज नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी मोनशाऊ, दुसऱ्याला बॉन, मग बाखराख, हे तिने मांडलं तर चार जणी तिच्याबरोबर येतील, कारण अ‍ॅमस्टरडॅमच्या हॉस्टेलचे दर पाहिल्यावर बाकीच्यांचाही उत्साह बराच खाली आलेला असतो. निघण्याआधी एखाद्या रविवारी तिला ठाण्याला पाठवा, अ‍ॅपवरचा तो सराव मी करून घेईन.